उष्टी हळद, परकी साय

माळवदकरांच्या घरी रोज संध्याकाळी दोन विरजणं लागत. एक दह्याचं, ते वृषालीबाई लावत. दुसरं चेहऱ्याचं, ते त्यांची मुलगी शाल्मली. दोन्ही भांडी फ्रीजच्या दारात शेजारीशेजारी राहत. लग्नघरात पाहुणे भरायला लागले तसा वृषालीबाईंनी चेहऱ्याच्या भांड्याला लाल दोरा बांधला, कारण सांगलीच्या मावशींनी आल्याआल्या तेच उचलून कढीसाठी ताक घुसळायला घेतलं होतं. मावशींना कुणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून त्या कढीला नको म्हणत होत्या आणि फ्रीज उघडला की त्या भांड्याकडे टक लावून बघत होत्या.

बघण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. छोट्याशा काचेच्या भांड्यात दुधावर धरते तसा एक पातळ थर. दवाखान्याच्या भाषेत त्याला 'सजीव लेप' म्हणत, पण सोलापुरात त्याला सगळे 'साय'च म्हणू लागले होते. माणसाच्या स्वतःच्याच कातडीवरचे निरुपद्रवी जंतू घ्यायचे, प्रयोगशाळेत त्यांना नवं काम शिकवायचं आणि परत त्याच माणसाच्या चेहऱ्यावर वस्तीला पाठवायचे. वाळल्यावर साय दिसत नसे. कातडीचा दाह सुरू झाला की जंतूंना तो आधी कळे आणि ते तो शमवणारा रस सोडत. एका गालावर दाह उठला की तिथली साय एक गंध सोडी. तो नाकाला कळण्याजोगा नव्हता, पण दुसऱ्या गालावरची साय तो ओळखून सावध होई. ज्याची त्याची साय फक्त आपलाच गंध ओळखे.

शाल्मलीवर ही वेळ का आली, याचं उत्तर कॉलनीतल्या निम्म्या घरांना थोडंथोडं द्यावं लागलं असतं. दहावीत मुरमं सगळ्यांच्याच तोंडावर येतात. शाल्मलीच्या मुरमांची काळजी मात्र आख्ख्या कॉलनीने वाहिली. एकीने लिंबू आणि खायचा सोडा सांगितला, एकीने अक्रोडाच्या टरफलांचा चुरा. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय एक ट्यूब दिली, तिने आठवड्यात चेहरा असा गोरा आणि गुळगुळीत झाला की शेजारच्या बायका ट्यूबचा फोटो काढून घेऊन गेल्या. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं हे कळलं ती बंद केल्यावर. चेहरा पेटला. तो विझवायला पार्लरमधलं अ‍ॅसिड झालं. कॉलेज संपेपर्यंत मुरमं गेली होती आणि कातडीही जवळजवळ त्यांच्याबरोबर गेली होती. गालांवर लाल शिरांचं जाळं, आणि चहाची वाफ, शेंगाचटणी, वैशाखाचं ऊन, एवढंच काय, मनापासून हसणंही पुरे, की तोंड भट्टीसारखं. लोक विचारत, ताप आहे का. काही विचारत नसत, नुसतं बघत. ते जास्त लागे.

डॉक्टर मुजावर मॅडमनी दुखण्याचं नाव सांगितलं, रोझेशिया. मग त्यांनी काही लावायला देण्याऐवजी शाल्मलीची पिशवी टेबलावर उलटी केली आणि एकेक बाटली कचऱ्यात टाकली. बराच काळ नुसता सौम्य साबण, साधं मलम, उन्हाचं क्रीम आणि धीर एवढंच चाललं. धीर सगळ्यात महाग पडला. साय नंतर आली, आणि साय आल्यावर शाल्मलीने आरशात चोरून बघणं सोडलं.

मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती. दुसऱ्या कुणाचं सजीव काही चेहऱ्याला लागता कामा नये. साय मेली तर नवी धरायला एक ऋतू जाईल, आणि मधल्या काळात कातडी उघडी पडेल. "आता ही कातडी स्वतःचं रक्षण करायचं विसरली आहे," त्या म्हणाल्या होत्या. "पुन्हा एकदा उघडी पडली तर ती कितपत सोसेल, हे मला सांगता येणार नाही."

म्हणून लग्न ठरल्यावर पहिली चिंता हॉलची नव्हती, हळदीची होती. मॅडमनी ती सोडवली. पिवळी भुकटी दिली. रंग हळदीचा, वास हळदीचा, पण सायीला न बाधणारी. वृषालीबाई मूळच्या हुशार. त्यांनी लगेच एक पुडा जास्तीचा मागून बार्शीला, नवऱ्या मुलाच्या घरी पाठवला, म्हणजे तिकडून उष्टी हळद येईल तीसुद्धा याच भुकटीची. दोन्ही घरी एकच हळद, असं त्यांनी मॅडमना कळवलं, मॅडमनी बरं म्हटलं, आणि वृषालीबाईंनी ती चिंता मनातून पुसून टाकली.

उष्टी हळद म्हणजे आधी नवऱ्या मुलाला लावायची आणि त्यातली उरलेली नवरीकडे पाठवायची. मुजावर मॅडमच्या घरीही लग्नात हळद लागते, पण एकाच्या अंगची दुसऱ्या गावी जात नाही, त्यामुळे त्यांनी हळदीचा विचार केला. ती कुठून निघून येते याचा केला नाही. बहुतेक घरांत वाटीत उरलेली पाठवतात. बार्शीच्या शैलजाआत्यांना ते मान्य नव्हतं. वाटीत उरली ती उरलेली, तिला उष्टी कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल असे. त्यांच्या घरात ती मुलाच्या गालांवरून बोटांनी निपटून काढत.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्या हळद घेऊन आल्या. नवऱ्या मुलाची, कैवल्य इंगवलेची, ही थोरली आत्या. हे लग्न त्यांनीच जमवलं होतं आणि ते कुणी विसरू नये याची काळजीही त्याच घेत. कुठल्या घरात आपल्याला दुसऱ्यांदा चहा विचारला आणि कुठल्या घरात नाही, हे त्यांना वर्षानुवर्षं लक्षात राही. खणाखाली झाकलेली चांदीची वाटी त्यांनी चौरंगाजवळ ठेवली आणि खण काढला.

शाल्मलीने वाटीत पाहिलं. हळदीत एक बारीक काळा केस होता. भुवईचा असावा.

तिने आईकडे पाहिलं. वृषालीबाई वाकून कानात म्हणाल्या, की आपलीच भुकटी आहे, घाबरू नकोस. भोवती सगळ्या बायका गाण्याचा सूर शोधत होत्या. या क्षणी नवरीने तोंड फिरवलं असतं तर सोलापूर ते बार्शी त्याचे अर्थ लावायला माणसं कमी पडली नसती. शाल्मलीने डोळे मिटले. आत्यांनी दोन्ही गालांना हात भरून हळद लावली, वर हनुवटीलाही लावली.

"आता झालीस आमची," आत्या म्हणाल्या.

आंघोळ झाल्यावर शाल्मली खोलीत गेली आणि कडी लावून तिने भिंग गालाला टेकवलं. करंगळीएवढं हे भिंग सायीबरोबरच दवाखान्यातून मिळे, आणि साय कशी आहे ते सांगे. रोज ते हिरवा ठिपका दाखवी. आज ठिपका नव्हता. अक्षरं होती. 'परकी साय आढळली.'

तिने दुसऱ्या गालाला लावलं. तेच. हनुवटीलाही तेच.

परके जंतू नाहीत. परकी साय. म्हणजे कुणा दुसऱ्या माणसाची, प्रयोगशाळेत शिकवून त्याच्या चेहऱ्यावर वस्तीला पाठवलेली. आणि आज तिच्या गालाला दुसऱ्या एकाच माणसाच्या गालावरचं काही लागलं होतं.

मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, आणि हळद गालावरून निपटून काढतात हे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, साधे जंतू असते तर तुमच्या सायीने ते केव्हाच संपवले असते, पण ही तिच्याच जातीची आहे, तिला ती शत्रू मानेल की पाहुणी, सांगता येत नाही. भांडल्या तर चेहऱ्याचं रणांगण होईल. धुऊन काढायचं द्रावण आहे, पण ते दोघींनाही मारील. "ठरवायचं ते आज दिवस मावळायच्या आत ठरवावं लागेल," त्या म्हणाल्या. "एकदा रुजली की धुऊनही जायची नाही. आणि त्या मुलालाही घेऊन या."

शाल्मलीने त्या मुलाला फोन लावला. दुसऱ्याच भेटीत तिने कैवल्यला आपल्या चेहऱ्याची सगळी गोष्ट सांगितली होती. ट्यूब, अ‍ॅसिड, विझलेले दिवस, साय, काही म्हणजे काही लपवलं नव्हतं. त्याने ती फार मन लावून ऐकली होती. इतकी मन लावून, की त्याच गोष्टीवर ती भाळली होती.

आता तो फोनवर भराभर बोलत सुटला. त्याचंही तसंच होतं. दाढीनंतर पुळ्या येत म्हणून मित्राने दिलेली ट्यूब, मग लाल नाक, लाल गाल. बाईचा चेहरा लाल झाला तर लोक ताप विचारतात. पुरुषाचा झाला तर दारू घेतो का विचारतात. पहिलं जमत आलेलं लग्न त्याच प्रश्नावर मोडलं होतं. म्हणून पुण्याला जाऊन साय घेतली. घरात आईबाबांनाही ठाऊक नव्हतं, आणि आत्यांनी तर मुलगा निर्व्यसनी असल्याची ग्वाही जिल्हाभर दिली होती. त्यात दवाखाना आणून ठेवायची त्याची छाती झाली नाही.

"मी सांगितलं तेव्हा तू समोर बसला होतास," शाल्मली म्हणाली.

"तेव्हाच सांगायला हवं होतं."

"सकाळी आत्या गालावरून हळद काढत होत्या, तेव्हाही तू समोरच होतास."

त्यावर तो एवढंच म्हणाला, निघतो.

हळद लागलेल्या नवरीने उंबरा ओलांडायचा नसतो. वृषालीबाईंनी हे एकदा म्हणून पाहिलं, मग लेकीच्या गालांकडे पाहिलं आणि स्वतःच गाडीची किल्ली शोधायला लागल्या. जेवून सुपारी कातरत बसलेल्या शैलजाआत्यांनी काय झालं विचारलं. त्यांना टाळणं कुणाच्याच हातात नव्हतं; त्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. होटगी रोडवरच्या दवाखान्यापर्यंत वृषालीबाई एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होत्या, की हळद तर आपलीच होती.

कैवल्य दवाखान्यात पोचला तेव्हा त्याच्या भुवयांत अजून पिवळं होतं. आत्यांनी त्याला दारातच गाठून सगळं काढून घेतलं. ऐकून त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या एवढंच, की मग पहिलं लग्न मोडलं त्या पोरीच्या बापाशी मी भांडले ते फुकटच.

मॅडमनी दोघांच्या गालांवरची साय घेऊन काचेच्या एका बशीत शेजारीशेजारी सोडली आणि ती यंत्राखाली ठेवली. वृषालीबाई पदराचं टोक पिळत होत्या. पडद्यावर दोन डाग दिसत होते, एक जरा पिवळसर, एक पांढरा. त्यांच्या कडा एकमेकींकडे सरकल्या, टेकल्या, आणि काही वेळाने मधली रेघ कुठे होती ते सांगता येईना.

"भांडत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

वृषालीबाईंनी हात जोडले. मॅडमचा चेहरा मात्र मोकळा झाला नव्हता. त्यांनी कैवल्यला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि साधेच प्रश्न विचारले. साय कधी घेतली, कुठून, घरी का सांगितलं नाही. शेवटच्या प्रश्नाला तो अडखळला.

शाल्मली तेव्हा भिंतीवरचा उन्हाच्या क्रीमचा तक्ता वाचत होती. तिला राग येऊन गेला होता. या क्षणी ती नुसती थकली होती. आणि तरी तिचे दोन्ही गाल एकदम तापले. आतून कुणीतरी दिवा लावावा तसे. तिने हात वर नेला.

"थांबा, हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. त्या तिच्याकडेच बघत होत्या. त्यांनी कैवल्यला बाहेर जायला सांगितलं. दार बंद झालं आणि शाल्मलीचे गाल निवत गेले. मॅडमनी पंखा लावून खोलीतली हवा बदलली, तिच्याशी पाहुण्यांच्या, जेवणाच्या गप्पा मारल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये आत्यांना वाचा फुटली होती आणि त्या कैवल्यला हळू आवाजात सोलून काढत होत्या. मॅडमनी दार उघडून त्याला आत घेतलं. तो शाल्मलीच्या जवळ येऊन उभा राहिला न राहिला तोच तिचे गाल पुन्हा लाल झाले. त्याचा चेहरा मात्र स्वच्छ होता. त्याच्या सायीने आपलं काम चोख केलं होतं.

मग मॅडमनी उलटं करून पाहिलं. शाल्मलीला म्हणाल्या, सकाळचा तो क्षण आठवा, वाटीत केस दिसला तो. तिने आठवला. तिचा चेहरा पेटला. मॅडमनी भिंग कैवल्यच्या गालाला लावलं. ठिपका हिरवा. थोडं थांबून पुन्हा लावलं. हिरवाच.

"तुमच्या चेहऱ्यावर आता दोघांची साय आहे," मॅडम शाल्मलीला म्हणाल्या. "त्यामुळे यांचा गंध तुमच्या सायीला आपलाच वाटतो. नसलेल्या दाहावर ती रस सोडते, आणि तोच रस तुमच्या कातडीला पेटवतो. हे चिडले, घाबरले, काही लपवायला लागले आणि यांच्या कातडीत ऊब चढली, की तुमच्या गालांना ते कळणार. यांच्या चेहऱ्यावर फक्त यांचीच आहे. तुमचं यांना काही कळणार नाही."

"एका खोलीत असले तरच?" वृषालीबाईंनी विचारलं.

"एका खोलीत असले तरच," मॅडम म्हणाल्या, आणि लग्नाचा अर्थ तोच असतो हे लक्षात येऊन जरा थांबल्या.

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांचं गणित नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी झालं होतं. "म्हणजे नवऱ्याचं खोटं बायकोला तोंडावर कळणार," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी हे असतं तर मी पैशाला पासरी वाटलं असतं."

वृषालीबाईंना हसू आलं. शाल्मलीला आलं नाही. ती दुसरी बाजू मांडून बघत होती. त्याला ऑफिसात कुणी बोललं की संध्याकाळी घरी तिचे गाल जळणार. तो आईशी भांडेल, गाडीचा धक्का लागला म्हणून कुणाशी हुज्जत घालेल, मॅच हरली म्हणून धुमसेल, आणि दाह उठणार तो इतक्या वर्षांनी निवलेल्या तिच्या कातडीवर. त्याचा चेहरा स्वच्छ राहील. लोक तिलाच विचारतील, ताप आहे का.

"ही सोसेल?" तिने गालाकडे बोट करून विचारलं.

मॅडमनी खोटं सांगितलं नाही. रोज थोडंथोडं असं किती दिवस, त्यांना ठाऊक नव्हतं. जुळ्या बहिणींच्या साया अशा मिसळल्याचं त्यांनी वाचलं होतं, पण तिथे हाक दोन्हीकडून जात होती, आणि एकमेकींचा ताप दोघी मिळून निववत होत्या. एकीकडूनच जाणारी हाक त्यांनी पाहिली नव्हती. धुवायचं असेल तर आत्ता धुवावं. खिडकीबाहेर ऊन कलायला लागलं होतं.

द्रावणाची बाटली टेबलावर होती. शाल्मलीने ती हातात घेतली. धुतलं तर उद्या मांडवात उघडी कातडी, होमाचा धूर, दिव्यांचा झोत. पुढचा एक ऋतू, आणि तो सोसवेल न सोसवेल. नाही धुतलं तर त्याच्या मनातला प्रत्येक विस्तव आपल्या गालावर. दोन्ही तिच्याच बाजूला जमा होत होतं. तिने सकाळपासूनचं आठवून पाहिलं. वाटी तिकडून आली होती. हात तिकडचा होता. तिकडे इकडचं काही गेलंच नव्हतं. तसं कुठल्याच लग्नात जात नाही.

तिने बाटली खाली ठेवली.

"मॅडम, माझी यांना लागली तर?"

मॅडमना कळायला क्षण लागला. मग त्या सावकाश म्हणाल्या, की तर बहुधा जुळ्या बहिणींसारखं होईल. बशीत भांडल्या नाहीत, पण बशी म्हणजे चेहरा नव्हे. बिनसलं तर यांची साय जाईल, आणि यांचं जे लपलेलं आहे ते उद्या सगळ्या मांडवाला दिसेल. "मी हे सुचवत नाही," त्यांनी मुद्दाम म्हटलं. "ज्याचा चेहरा, त्याने हो म्हणायला हवं."

"मला कुणी विचारलं नव्हतं," शाल्मली म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जे घडलं ते ती सांगत होती. वृषालीबाईंनी मान खाली घातली.

आत्या पुढे झाल्या. नवरीची उष्टी नवऱ्याला लावायची म्हणजे काय, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं असावं. पण त्यांनी कैवल्यच्या भुवईतलं पिवळं पाहिलं, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सकाळी त्या बोटांनी काय निपटलं होतं ते आता त्यांना ठाऊक होतं. त्या पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

शाल्मली कैवल्यसमोर उभी राहिली. तिने उजव्या गालावर बोटं फिरवली, अगदी हलकेच, मॅडमनी शिकवलं होतं तशी. बोटांच्या टोकांवर काहीच दिसत नव्हतं. कैवल्यने त्या बोटांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा नेहमीसारखा शांत, नितळ.

तिचे गाल मात्र तापत चालले होते. ती ऊब तिची नव्हती. एवढं तिला आता ओळखता येत होतं. पण भीतीची ऊब, शरमेची ऊब आणि होकाराची ऊब यांत फरक करायला सायीला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यालाच विचारावं लागणार होतं.

तिने हात त्याच्या गालाजवळ नेला आणि न टेकवता तिथेच थांबवला.

"लावू?"